ओढमोजणी

"आमच्या गावात काय हाय? धोंडे हायती. उन्हाळ्यात तापत्यात, थंडीत गारठत्यात. आणि त्यावर आम्ही बसतोय. झालं का तुमचं?"

वैजाक्कानं एवढं सांगितलं आणि देवळाच्या कट्ट्याखाली बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिच्या पोलक्याला नखाएवढा काळा बिल्ला टोचलेला होता. तो ऐकत होता. नुसता ऐकत नव्हता, गळ्याखालची नाडीही मोजत होता. बिल्ला टोचला होता तिच्याच लेकीनं. ऋतुजा सरकारच्या वस्ती मंडळाचं काम करणाऱ्या कंपनीत मोजणीदार होती, आणि निंबखोरीची, म्हणजे तिच्या स्वतःच्या गावाची, मोजणी तिच्याच वाट्याला आली होती.

"आई, अजून थोडं बोल. दोन मिनिटं पुरत नाहीत."

"आणि काय बोलू? विहिरीचं पाणी मचूळ. रस्ता म्हणाल तर म्हशीसुद्धा लंगडत्यात. माणसं तर विचारूच नगंस. ही नंदा बघ शेजारची. हिचं तोंड बघून दिवस उजाडतोय माझा, म्हणून तर असा जातोय."

"माजं तोंड!" नंदा खालून ओरडली. "सायेब लोकांनी आरसा आणलाय का बघा गं, वैजीला दाखवा!"

हसता हसता बायांच्या डोळ्यांना पाणी आलं. मग एकेक जण कट्ट्यावर गेली, बिल्ला लावून घेतला आणि गावाला पोटभर शिव्या देऊन खाली उतरली. एकोणीस उंबरे, एकोणीस बाया. पुरुष होते ते नावापुरते, कारण निंबखोरीचा पुरुष मिसरूड फुटली की गलाईच्या धंद्याला बाहेर जाई. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध सोनं परत द्यायचं. कुणी कोइमतूरला, कुणी मदुरेला, कुणी पार जालंधरला. भट्टीवरच्या माळ्यावर निजायचं, जत्रेला आठ दिवस घरी यायचं. ऋतुजाचा बाप असाच तिरुचीला राहिला आणि तिथंच गेला. तिसाव्या दिवशी त्याचा चिमटा आणि दोन सदरे पार्सलनं आले.

गाव राखलं ते बायांनी. आणि राखलेल्या गोष्टीला चांगलं म्हणायची तिथं चाल नव्हती. बारा लिटर दूध देणाऱ्या म्हशीला मरतुकडी म्हणत. गोऱ्यापान नातवाला माकडतोंड्या म्हणत. सून देखणी असली की सासूच पाहुण्यांना सांगे, काळी हाय, पण पदरात घेतली. आपली माया दृष्टीच्या कानावर जाऊ द्यायची नाही. परका माणूस समोर असला तर मुळीच नाही. लग्नाच्या हळदीला बाया म्हणत:

गावाला माझ्या काय रूप, काळा फत्तर काळी माती
वेस दिसता गं दुरून, पाय वहाणा विसरती

दुसरी ओळ मात्र कुणी परकं बसलेलं असलं तर गिळून टाकत.

जेवताना ऋतुजानं आईला यंत्र समजावलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ती बोलत होती, लहानपणी शाळेतलं सांगायची तशी.

माणसं कुठं राहतात, हा अर्थशास्त्राला फार जुना सतावणारा प्रश्न. नुसत्या कमाईचा विचार केला तर अर्धी माणसं चुकीच्या जागी राहतात. शहरात तिप्पट मिळत असताना ती जात नाहीत. का जात नाहीत, तर त्यांना ठिकाणाकडून काहीतरी मिळत असतं, जे पगाराच्या चिठ्ठीवर नसतं. शेजार असतो, बोली असते, पाण्याची चव असते, आपल्या माणसांच्या समाध्या असतात. ह्याला ओढ म्हणायचं. ती पैशात मांडता येते. महिन्याला किती जास्त मिळालं तर हे माणूस हे ठिकाण सोडील, तेवढी त्याची ओढ. इतकी वर्षं ती अंदाजानं काढत. बिल्ल्यानं ती माणसागणिक काढता येऊ लागली.

"कशी गं? मनात शिरतंय व्हय ते?"

"मनात नाही. अंगात. जीव अडकलेल्या गोष्टीबद्दल बोलताना गळ्याच्या तारा ताणतात, नाडी चुकते, कातडीला दमटपणा येतो. कितीही लपवलं तरी. अंग सांगतं ओढ किती, आणि शब्द सांगतात ती कुठल्या बाजूला. राहण्याच्या बाजूला की निघण्याच्या."

"आणि मग आकड्याचं काय करत्यात?"

"ठरवतात," ऋतुजा म्हणाली. "कुठलं गाव चालू ठेवायचं, ते."

तिनं भाकरी खाल्ली नाही. वैजाक्काला वाटलं, लेकीला शहरातल्या चपातीची सवय लागली.

दोन महिन्यांनी, ज्वारीची काढणी संपता संपता, नोटीस आली. निंबखोरीची ओढ रेषेखाली भरली होती. रेषा होती महिना नऊ हजारांची. निंबखोरीतलं एकही घर तिच्या जवळपासही पोचत नव्हतं. ज्या गावाला स्वतःलाच राहायचं नाही, त्याला नळ, एसटी आणि नर्स पुरवणं म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय, असं शुद्ध मराठीत लिहिलं होतं. जूनपासून तिन्ही बंद. एकोणीस घरांना तालुक्याजवळच्या नव्या नगरात एकाच गल्लीत घरं मिळतील, शिवाय ज्याच्या त्याच्या ओढीच्या प्रमाणात मोबदला. हरकत असल्यास पंधरा दिवसांत सुनावणी, शाळेच्या व्हरांड्यात.

"येडं हाय यंत्र," वैजाक्का म्हणाली. "आम्ही शिव्या दिल्या त्या खऱ्या धरल्या त्यानं. ऋतीला सांगते, ती दुरुस्त करील."

कट्ट्यावर नंदा होती, आणखी चौघी होत्या. एकीनं उगाच पदराचं टोक पिळलं. वैजाक्काला ते त्या वेळी टोचलं नाही.

टोचलं ते नोटिशीच्या शेवटच्या पानावरचं. तिथं बारीक अक्षरात एक रकाना होता. *स्थानिक दुरुस्ती: या गावच्या बोलण्याच्या रीतीमुळे शब्दांचा अर्थ उलटा घ्यावा लागतो काय?* त्यापुढं लिहिलं होतं, *तशी कोणतीही रीत नाही.* आणि खाली सही. 'ऋ'चा तो लांब शेपटाचा फराटा वैजाक्कानं पाटीवर स्वतः गिरवून घेतला होता.

ती बराच वेळ उन्हात उभी राहिली. डोक्यावर पदर घ्यायचंही तिला सुचलं नाही.

सुनावणीच्या आदल्या दुपारी ऋतुजा आली. वैजाक्का चुलीपुढं होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तुला आमची रीत ठावं न्हाई?"

ऋतुजा दारातच थांबली.

"बोल की. शहाणी हाईस. सही करायला हात चालतोय, बोलायला जीभ चालंना? ह्या गावात जन्मलीस, न्हाई का? पाळण्यात तुला काय म्हणत होते गं सगळे? चिपाड म्हणत होते. का म्हणत होते, ठावं न्हाई तुला?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"आई, आधी हात धू आणि इकडं बस."

"न्हाई बसत. उभ्यानं ऐकते."

मग ऋतुजानं सांगितलं. ती नजर खाली ठेवून, एका दमात बोलली. मोजणी झाली त्याच आठवड्यात तिनं स्थानिक दुरुस्ती लावून पाहिली होती. दुरुस्ती लावली की यंत्र शिवीच्या आधीचा श्वास बघतं. जिच्या मनात माया असते, तिचा श्वास शिवी देण्याआधी पळभर अडतो. मग यंत्र ती शिवी उलटी धरतं आणि आकडा फिरवतं.

"एकोणीस घरांत एकच आकडा फिरला. तुझा. रेषेच्या कितीतरी वर गेला. बाकी अठरा जागेवरच राहिले."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या बायांनी शिव्या दिल्या त्या दृष्ट लागू नये म्हणून नाही दिल्या. त्यांना खरंच जायचंय. आणि कायदा असा आहे, की ज्याचा आकडा रेषेच्या वर, त्याला उठवायचं नाही. तू राहिली असतीस. एका घरासाठी नर्स येणार नाही, एसटी थांबणार नाही. तू एकटी, आई. ह्या एवढ्या शिवारात एकटी. मी दुरुस्ती लिहिली नाही, म्हणून तू सगळ्यांच्या बरोबर निघशील. त्याच गल्लीत, नंदामावशीच्या शेजारी."

चुलीवरची भाकरी करपली. वासानं दोघींनाही कळलं, पण कुणीच उलथनं उचललं नाही.

"खोटं बोलतंय तुझं यंत्र," वैजाक्का म्हणाली. "आणि तू त्याच्याहून खोटी."

नंदाचं घर म्हणजे मधली एक भिंत. वैजाक्का वळसा घालून तिच्या सोप्यात गेली तेव्हा नंदा वाळलेल्या चिंचा फोडत होती. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला.

"नंदे, एक इचारायचंय."

"इचार की. आज नोटीस दिल्यागत का उभी?"

"तू त्या बिल्ल्यासमोर काय काय बोललीस गावाबद्दल, ते... ते आपल्या रीतीनं बोललीस ना?"

नंदाचा हात थांबला. तीस वर्षांत दोघींनी एकमेकींच्या चुलीतला विस्तव नेला होता. एकीच्या बाळंतपणात दुसरीनं धुणं धुतलं होतं. हळदीला दोघी एका सुरात म्हणत:

शेजीबाई शेजीबाई, भिंत एक दोन्ही घरां
तुझ्या चुलीचा गं धूर, माझ्या डोळां आणी झरा

"वैजे, खाली बस."

"आज सगळे मला बसायलाच सांगत्यात. बोल."

"मी खरं बोलले," नंदा म्हणाली. "म्हणजे आधी मलाबी वाटलं, रीतीनंच बोलतेय. मग बोलताना कळलं, की हे खरंच हाय. माझा धनी तीस वर्सं कोइमतूरला. वर्सातून आठ दिस माझा नवरा, बाकी फोनवरचा आवाज. आता भट्टीच्या धुरानं त्याची छाती गेलीया. घरी येतो म्हणतोय. हितं आणून काय करू त्याचं? दवाखाना चाळीस किलोमीटर. तिकडं नव्या नगरात कोपऱ्यावर दवाखाना हाय म्हणं. एका घरात, एका छताखाली राहीन म्हणते त्याच्यासंगं. उरलीसुरली चार वर्सं. वाईट हाय का ते?"

"मला का न्हाई सांगितलंस?"

"कसं सांगू? तू बोलताना मी बघत होते तुज्याकडं. तुझा जीव हाय ह्या धोंड्यांत. माझा कधीच नव्हता, वैजे. मी सासूसाठी राहिले. मग पोरांसाठी. मग तुझ्यासाठी."

"आणि त्या बाकीच्या?"

नंदानं चिंचेचं बोटूक उचललं, परत ठेवलं. तिला सगळं ठाऊक होतं, इतरांचंही. कट्ट्यावर त्या दिवशी बसलेल्या सगळ्याजणींना ठाऊक होतं. फक्त वैजाक्कासमोर गप्प राहायचं, असं त्यांचं ठरलं होतं. कधी ठरलं? कुणाच्या घरी? चहा कुणी केला? ह्या बारीकसारीक गोष्टीच वैजाक्काला जास्त लागल्या.

ती जायला वळली. नंदा मागनं म्हणाली, "वैजे, रागावू नगं. त्याच गल्लीत मागू घर. भिंतीला भिंत."

सुनावणीला मंडळाचे बागवान साहेब आले होते. साधा, पिकल्या मिशीचा माणूस. व्हरांड्यात टेबल, टेबलावर बिल्ल्यांची पेटी. शेजारच्या खुर्चीवर ऋतुजा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. समोर सतरंजीवर एकोणीस घरं.

"कुणाची हरकत?"

एकटी वैजाक्का उठली.

रात्रभर तिनं एकच गोष्ट घोळवली होती. ह्या अठराजणी गेल्या तर जाऊ देत. त्यांनी आपल्या मनाचं खरं सांगितलं, फक्त तिला सांगितलं नाही. पण लेकीनं तिचं मनच बदलून लिहिलं. तिची ओढ तिच्या नावावर उरली नव्हती. आणि एकटं राहावं लागलं तर राहीन, गाव तर असेल. पाणी विहिरीला होतंच की आधी.

"माझी हरकत हाय. माझ्यापुरती. आमच्यात लाडक्या गोष्टीला वाईट म्हणायची रीत हाय. तुमच्या कागदावर तशी रीत न्हाई म्हणून लिहिलंय."

साहेबांनी शेवटचं पान काढलं. चष्मा वर सरकवला. "बाई, हा रकाना जाणूनबुजून चुकीचा भरला असेल तर भरणाऱ्याचं काम आजच जातं. परत ह्या क्षेत्रात मिळत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"आता कळलं."

"मग विचारतो. ज्यांनी हा भरला, त्यांना ही रीत माहीत होती?"

सतरंजीवर नंदा मान हलवत होती, बोलू नगं, वैजे, बोलू नगं. ऋतुजा समोरच्या पेटीकडं बघत होती. लहानपणी मार बसणार कळलं की ती अशीच बसे. खांदे वर आणि मान आत. वैजाक्काला वाटलं, आत्ता हिनं एकदा वर बघावं. नुसतं 'आई' म्हणावं.

ऋतुजानं वर पाहिलं नाही.

"माहीत होती," वैजाक्का म्हणाली. "माझ्याच मांडीवर शिकली ती."

साहेबांनी लिहून घेतलं. मग ऋतुजाकडं वळले. तिनं "बरोबर आहे," म्हटलं, गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याच्या दोरीची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवलं.

"जुनी मोजणी रद्द. तुमची मोजणी नव्यानं होईल," साहेब म्हणाले. "आत्ताच. रीत वगैरे काही नको. गावाबद्दल जे वाटतं ते सरळ बोला."

बिल्ला कंपनीतल्या दुसऱ्या मुलीनं टोचला. वैजाक्कानं आयुष्यात कधी जे केलं नव्हतं ते करायला तोंड उघडलं. सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी, आपल्या गावाला चांगलं म्हणायला.

"गाव चांगलं हाय माझं. विहीर हाय. पाणी मचूळ हाय पण तहान भागवतंय. सकाळी टेकडीवरनं ऊन उतरतंय ते आधी आमच्या सोप्यात येतंय. डाळिंबाला फूल आलं की बांध लाल होतोय. देवळाचा कट्टा दुपारचा गार असतो, तिथं आम्ही बसतो..."

ती थांबली. तिथं कोण बसतं?

"...बसत होतो. आणि संध्याकाळी चूल पेटवायची म्हणून भिंतीवर थाप मारली की पलीकडनं..."

समोर नंदा तोंडात पदर कोंबून रडत होती. वैजाक्कानं पुढची वाक्यं पुरी केली. चिंच, वेस, जत्रेचा माळ, सगळं सांगितलं. शब्द एकेक बरोबर होते. पण आवाज सपाट येत होता, जनगणनेला घरातली भांडी मोजून सांगावीत तसा. तिचं तिला ऐकू येत होतं.

मुलीनं यंत्राचा पडदा साहेबांकडं वळवला. साहेबांनी तो दोनदा पाहिला.

"बाई, चार हजार दोनशे आहे."

"परत बघा."

"दुरुस्ती लावूनच पाहिलंय. मागच्या मोजणीला तुमचा खरा आकडा ह्याच्या पाचपट होता."

"मग आज काय झालं?"

साहेबांनी ऋतुजाकडं पाहिलं. ती आता कुणाची मोजणीदार नव्हती, तरी तिनंच उत्तर दिलं. हळू आवाजात, पण चुकीचं काही राहू नये अशा काळजीनं.

"यंत्र बरोबर आहे, आई. ठिकाणाची ओढ म्हणतात, पण तिच्यात ठिकाण थोडंच असतं. बहुतेक माणसं असतात. मागच्या वेळी तू बोललीस तेव्हा तुझ्यासाठी ती सगळी इथं राहणारी होती. कालपासून नाहीत."

कुणीतरी सतरंजी झटकायला घेतली. बाया उठू लागल्या. साहेब कागद जुळवत म्हणाले, की मग ह्यांचंही नाव उठणाऱ्यांच्या यादीत राहील, एकोणीस म्हणजे एकोणीस. नंदा जवळ आली, तिनं वैजाक्काच्या दंडाला हात लावला. "चल गं. भिंतीला भिंत म्हणलंय ना मी." वैजाक्कानं हात झटकला नाही, पण धरलाही नाही. दंड तिचा नसल्यासारखा तो तिथं राहिला. मग नंदानंच काढून घेतला आणि ती नवऱ्याला फोन लावायला व्हरांड्याच्या कडेला गेली. तिच्या आवाजात रडणं होतं, आणि घाईही होती.

टेबलापाशी मायलेकी आणि साहेब उरले. साहेबांनी वैजाक्कापुढं कोरा अर्ज सरकवला. नगरातलं घर नको असेल, नातलगांकडं राहायचं असेल, तर तिथला पत्ता लिहायचा. पेन दोरीनं टेबलाला बांधलेलं होतं.

वैजाक्कानं पेन उचललं. त्या गल्लीत, त्या अठराजणींच्या मधे, भिंतीला भिंत लावून रोज सकाळी काय बोलायचं हे तिला सुचत नव्हतं.

"तुझ्याकडं येते," ती लेकीला म्हणाली. "पत्ता सांग तुझ्या घराचा."

ऋतुजानं तिच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं.

"घर कंपनीचं होतं, आई."